एआय संशोधन-लेखन टूल: संदर्भाच्या आकड्यावर कुणी क्लिकच करत नाही, काय करावं?

रिकामी_चौकट

नमस्कार मंडळी,

संशोधकांसाठी एआयवर चालणारं लेखन-टूल बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये मी डिझाइन बघते. मांडणी तुम्ही इतरत्र पाहिली असेल तीच आहे. डावीकडे तुम्ही टाकलेल्या पीडीएफ, मध्ये मसुदा, उजवीकडे चॅट. प्रश्न विचारला की उत्तर येतं, उत्तरातल्या वाक्यांना कंसात आकडे असतात, आकड्यावर क्लिक केलं की तो पेपर उघडतो. खाली "मसुद्यात टाका" असं बटण.

अडचण शीर्षकात आलीच आहे. चाचणीला बसलेली मंडळी ऐरीगैरी नव्हती. पीएचडी करणारे होते, शिकवणारे होते, एरवी संदर्भांच्या बाबतीत भलते काटेकोर. विचारलं तर म्हणतात, "संदर्भ दिसतात म्हणून तर विश्वास बसतो." आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंग बघावं तर कर्सर आकड्यावर जातो, पेपरचं नाव असलेली छोटी पट्टी उघडते, नाव ओळखीचं वाटलं की स्वारी थेट "मसुद्यात टाका"वर.

एक उदाहरण जरा सविस्तर देते, सगळा गुंता त्यातच आहे. झोप आणि स्मरणशक्ती यावरचा एक पेपर होता. त्यातल्या मजकुराचा आशय असा: कमी झोपणाऱ्या गटाचे गुण थोडे कमी आले, मात्र गट लहान असल्यामुळे यावरून कारण ठरवता येणार नाही. टूलने लिहिलं, "अपुऱ्या झोपेमुळे स्मरणशक्ती घटते [४]." चौथा पेपर खरा आहे. पान बरोबर आहे. क्लिक केलं तर उघडतोही योग्य परिच्छेद. फक्त "थोडे" गेलं, "मात्र" गेलं आणि नुसत्या संबंधाचं कारण झालं. ज्यांच्यासमोर हे वाक्य आलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते जसंच्या तसं उचललं.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, टूलमागचं एआय मॉडेल सुधारत जाईल, आपण आकडे ठळक करू आणि पुढे जाऊ. माझं म्हणणं, तपासणं हे काम म्हणून स्क्रीनवर कुठे दिसतच नाही, मग ते कोण करणार? जे लोक अशी टूल्स रोज वापरतात त्यांचा अनुभव ऐकायचाय. टूलचं नाव सांगत नाही, जाहिरात व्हायला नको.

प्रबंधग्रस्त

मी त्यातलाच एक. क्लिक करत नाही, आणि ते आळशीपणामुळे नव्हे. आकड्यावर क्लिक केलं की नव्या टॅबमध्ये तीस-चाळीस पानांची पीडीएफ उघडते. बऱ्याचदा पहिल्याच पानावर. मग शोधा. सापडेपर्यंत मूळ वाक्यात नेमकं काय म्हटलं होतं ते डोक्यातून गेलेलं असतं. परत या, वाक्य वाचा, परत जा. साहित्य-आढाव्याच्या प्रकरणात अशी शेकड्याने वाक्यं असतात. पहिल्या काही वाक्यांना तपासतो माणूस. ती बरोबर निघाली की पुढची आपोआप बरोबर वाटायला लागतात.

शंकासुर

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली नेमकं हेच मोजलं होतं. तेव्हाची चार एआय सर्च इंजिनं घेतली आणि उत्तरातलं प्रत्येक वाक्य त्याच्या संदर्भाशी ताडून पाहिलं. सरासरी ५१.५ टक्के वाक्यांनाच संदर्भांचा पूर्ण आधार होता, आणि दिलेल्या संदर्भांपैकी ७४.५ टक्केच आपापल्या वाक्याला आधार देत होते. आकडे जुने झाले, मॉडेलं बदलली, मान्य. पण त्यातलं दुसरं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जी उत्तरं लोकांना ओघवती आणि उपयुक्त वाटली, त्यांचेच संदर्भ जास्त कच्चे होते.

म्हणजे "लोकांना आवडलं का?" एवढंच विचारून टूल सुधारत गेलात तर ते चुकीच्या दिशेने सुधारेल. तुमच्या त्या पहिल्या तटाला हे वाचायला द्या.

आळशी_वाचक

एक उलटा प्रश्न विचारू का? मी टूल घेतो ते वेळ वाचावा म्हणून. प्रत्येक वाक्य मूळ पेपरशी ताडून बघायचं असेल तर मीच लिहीन की! तपासणी सक्तीची केलीत तर लोक दुसऱ्या टूलवर जातील, आणि तिथे आकडेसुद्धा नसतील.

(नाव आळशी असलं तरी प्रश्न मनापासून आहे.)

तळटीप

@आळशी_वाचक, प्रश्न रास्त आहे. पण ताडून बघायला वेळ का लागतो ते प्रबंधग्रस्त यांनी वरच सांगितलंय. वेळ उतारा वाचण्यात जात नाही, जाण्या-येण्यात जातो. मी बरीच वर्षं एका नियतकालिकासाठी संपादन केलं आहे. आमच्या कामात लेखकाचं वाक्य आणि मूळ उतारा शेजारी-शेजारी ठेवले की निकाल काही सेकंदांत लागतो. उतारा दुसऱ्या खोलीत असला की तपासणीच होत नाही.

तर माझी सूचना. आकडा हा दरवाजा असूच नये. वाक्याच्या शेजारी मूळ उतारा आपणहून दिसला पाहिजे, पेपरचं नाव नव्हे. आणि उतारा म्हणजे हायलाइट केलेली एक ओळ नव्हे. तिच्या आधीचं एक वाक्य आणि नंतरची दोन, एवढं हवंच. "मात्र", "परंतु", "असे असले तरी" ही मंडळी नेहमी पुढच्या वाक्यात दबा धरून बसलेली असतात. रिकामी_चौकट यांच्या उदाहरणात नुसती पहिली ओळ हायलाइट केली असती तर टूलचं वाक्य निम्मं बरोबरच वाटलं असतं.

मग कीबोर्डवर तीन उत्तरं. जुळतं, अर्धवट जुळतं, जुळत नाही. एक कळ दाबली की पुढचं वाक्य. "अर्धवट" दाबलं तर वाक्य तिथेच उघडावं आणि माणसाने स्वतः दुरुस्त करावं. तिथे मॉडेलकडून पुन्हा लिहून घ्यायची सोय देऊ नका. दिलीत तर नवं वाक्य येईल, ते परत तपासावं लागेल आणि माणूस वैतागून "जुळतं" दाबत सुटेल.

राहिला सगळी वाक्यं तपासायचा मुद्दा. गरज नाही. "पुढील भागात या पद्धतींचा विचार करू" असल्या वाक्याला काय तपासायचं? ज्यात आकडा आहे, कारण-परिणाम आहे, तुलना आहे, "सर्व", "कधीही नाही", "प्रथमच" असलं काही आहे, ती आधी समोर आणा. पानभर मजकुरात खरी तपासायजोगी वाक्यं मूठभरच निघतात.

कर्सर

डेव्हलपर आहे, त्यामुळे पडद्यामागचं थोडं सांगतो. इथे डिझाइन आणि इंजिनीअरिंग वेगळं काढता येत नाही.

तुमचं टूल आकडा कधी चिकटवतं, हे आधी विचारून घ्या. एक प्रकार असा की मॉडेल आधी वाक्य लिहितं आणि मग त्याला साजेसा उतारा शोधला जातो. हा प्रकार वाईट. मनासारखं वाक्य लिहून झालं की त्याला थोडाफार शोभेल असा उतारा कुठेतरी मिळतोच. दुसरा प्रकार उलटा. आधी संग्रहातून उतारे काढायचे, मॉडेलने त्यातला नेमका मजकूर शब्दशः उचलून दाखवायचा, तो मजकूर पीडीएफमध्ये खरोखर आहे का हे साध्या अक्षर-जुळणीने बघायचं, आणि मगच त्यावर वाक्य लिहायचं. अक्षर-जुळणीला एआय लागत नाही, म्हणून ती पायरी थापा मारत नाही. उतारा सापडला नाही तर वाक्यच लिहायचं नाही.

यात मेख पीडीएफची. दोन रकान्यांचा पेपर असला की डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटून येते, ओळीच्या टोकाला तुटलेले शब्द तुटलेलेच राहतात, तळटीपा परिच्छेदाच्या पोटात घुसतात. (@तळटीप, हलके घ्या.) स्कॅन केलेलं जुनं पुस्तक असेल तर विचारूच नका. त्यामुळे जुळणी थोडी सैल ठेवावी लागते. आणि म्हणूनच शेजारी नुसता काढलेला मजकूर न दाखवता मूळ पानाचा तेवढा तुकडा चित्र म्हणून दाखवा. तक्ता बिघडला असेल, उणे चिन्ह गळलं असेल, तर ते चित्रातच कळतं. मजकुरात नाही.

आणि हात जोडून विनंती: वाक्यापुढे "८७ टक्के खात्री" असलं काही लावू नका. ते मॉडेलला विचारून आलेलं असेल तर तोही मजकूरच, मोजमाप नव्हे. जीपीटी-४ (चॅटजीपीटीमागचं एक मॉडेल) च्या २०२३ च्या तांत्रिक अहवालात आलेख आहे. मूळ प्रशिक्षणानंतर मॉडेलची खात्री आणि प्रत्यक्ष बरोबर येण्याचं प्रमाण बऱ्यापैकी जुळत होतं, नंतरच्या प्रशिक्षणाने ते जुळणं ढासळलं. टक्केवारी दिसली की माणूस उतारा वाचत नाही, टक्केवारी वाचतो.

प्रबंधग्रस्त

पानाचा तुकडा चित्र म्हणून, हे झकास. मला याच क्षणी हवंय.

ग्रंथपाल_ताई

छान चर्चा चालू आहे. तुमचा प्रश्न वापरणाऱ्याने टाकलेल्या पीडीएफपुरता आहे, पण अशी टूल्स बाहेरून संदर्भ सुचवायला लागतात तेव्हा वेगळंच प्रकरण सुरू होतं. अस्तित्वातच नसलेले पेपर मागायला लोक माझ्याकडे येतात. यादी इतकी सुबक असते की नाही म्हणायला जीव कचरतो.

न्यूयॉर्कमधला २०२३ चा खटला आठवत असेल. वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे कोर्टात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. बातम्यांत दंडच गाजला. पण डिझाइन करणाऱ्यांनी बघण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्यांच्यातल्या एका वकिलाने चॅटला विचारलं होतं की हा खटला खरा आहे का, आणि चॅटने हो म्हटलं होतं. त्याने तपासलं नाही असं नाही. ज्या खिडकीतून माहिती आली त्याच खिडकीत तपासलं, कारण समोर दुसरी खिडकीच नव्हती.

म्हणून संदर्भ खरा आहे की नाही हे चॅटने सांगू नये, नोंदवहीने सांगावं. डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक) असेल तर क्रॉसरेफकडे, म्हणजे अशा क्रमांकांच्या नोंदवहीकडे, विचारता येतं. मात्र नुसता डीओआय उघडतो की नाही एवढं बघून भागत नाही. रचलेल्या संदर्भाला कधी कधी खराच डीओआय लागलेला असतो, पण तो भलत्याच पेपरचा. शीर्षक, लेखक आणि वर्ष तिन्ही जुळवा. दुसरं, मागे घेतलेले पेपर. अशा पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफने सर्वांना खुली केली आहे. ती जोडायला फारसं काही लागत नाही, आणि एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर संशोधकाला ते लिहितानाच कळायला हवं, रिव्ह्यूअरकडून नव्हे.

सापडला नाही म्हणजे खोटा, असं मात्र लिहू नका हो. जुनी पुस्तकं, प्रबंध, छोट्या संस्थांचे अहवाल यांना डीओआय नसतोच. तिथे "या नोंदवहीत आढळला नाही, हाताने तपासा" एवढंच म्हणावं. लाल फुली मारलीत तर लोक सरळ डीओआयवाले पेपरच वापरतील, आणि जुनं साहित्य आहे त्याहून मागे पडेल.

अर्धविराम

मी स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) काम करतो. वाचतोय सगळं, एक भर घालतो.

शेजारी-शेजारी ही कल्पना मला दिसत नाही, ऐकू येते. म्हणजे वाक्य आणि उतारा एकामागून एक, मधे फक्त "मूळ उतारा" एवढी घोषणा, असा क्रम लागला पाहिजे. बहुतेक टूल्समध्ये चॅटचं पॅनेल शेवटी येतं आणि तिथवर जाईपर्यंत दहा बटणं ऐकावी लागतात. चित्राचा तुकडा देणार असाल तर मजकूरही सोबत ठेवा. हिरवं-पिवळं-लाल एवढ्यावर खुणा सोडू नका, अर्थ फक्त रंगातून पोचवू नये हा डब्ल्यूसीएजीचा (वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणूनची मार्गदर्शक तत्त्वं) जुना नियम आहे. आणि ते अक्षर-अक्षर टपकत येणारं उत्तर! स्क्रीन रीडर प्रत्येक तुकड्यावर नव्याने सुरू होतो. उत्तर पूर्ण झाल्यावर एकदाच सांगा. कळांचे तीन पर्याय मात्र फार आवडले, माझं सगळं काम कळांवरच चालतं.

रिकामी_चौकट

@अर्धविराम, मनापासून आभार. टपकणारं उत्तर बंद करण्याचा पर्याय आमच्याकडे नाहीच. आजच नोंद केली.

@कर्सर, विचारून आले. आमच्याकडे पहिला प्रकार आहे, आधी वाक्य आणि मग उतारा. आता कळलं की योग्य पेपरचं योग्य पान येऊनही वाक्य का घसरतं. बदलायला वेळ लागेल, पण आता निदान नेमकं काय मागायचं ते ठाऊक आहे.

त्यावरून पुढचा प्रश्न. उतारे आधी काढायचे म्हणजे उत्तर यायला उशीर होणार. तेवढा वेळ माणसाला काय दाखवायचं?

कर्सर

वापरसुलभतेचे अभ्यासक नील्सन यांचा १९९३ चा ठोकताळा अजून चालतो. ०.१ सेकंदात झालं तर तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. तुमचं काम मिनिटांत जाणार असेल तर गोल फिरणाऱ्या चकतीने भागणार नाही. सापडलेले उतारे जसे सापडतील तसे समोर ठेवा आणि नको ते काढू द्या. "हा पेपर नको, याची पद्धतच मला मान्य नाही" हे संशोधकाला मसुदा होण्याआधी म्हणता आलं तर निम्मं काम तिथेच होतं. थांबणं आणि निवडणं एकाच वेळी.

आणि काही सापडलं नाही तर तसं स्वच्छ सांगा. "तुमच्या संग्रहात याबद्दल काही नाही" हे उत्तर बहुतेक टूल्सना जमत नाही. संशोधनात तर ते सोन्यासारखं असतं, विषयातली रिकामी जागा तिथेच दिसते.

शंकासुर

तपासणीवर सगळे बोलताहेत, लिहिण्याकडे कुणी वळलं नाही. तुमच्या मसुद्यात ते करड्या अक्षरांत पुढचं वाक्य सुचवणं आहे का? असेल तर जपून. कॉर्नेलच्या संशोधकांचा २०२३ चा प्रयोग आहे. समाजमाध्यमं समाजासाठी चांगली की वाईट यावर लोकांना लिहायला सांगितलं आणि मदतीला एका बाजूला झुकलेलं मॉडेल दिलं. लिखाण त्या बाजूला झुकलंच, पण नंतर विचारलेल्या प्रश्नांत लोकांची मतंही तिकडे सरकलेली आढळली.

संदर्भ चुकला तर कुणीतरी पकडेल. युक्तिवादच दुसऱ्याचा असेल तर पकडणार कोण? माझं मत विचाराल तर वाक्य अर्ध्यात असताना सुचवणीच नको. माणसाने परिच्छेद संपवावा, मग विचारलं तर बोलावं.

आळशी_वाचक

मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी, कागदाला लावायची क्लिप आठवली. "तुम्ही पत्र लिहिताय असं दिसतंय!" २००१ च्या आवृत्तीत ती आपणहून येणं बंद केलं आणि २००७ च्या आवृत्तीत पार काढूनच टाकली. एवढं होऊन आता ती करड्या अक्षरांत परत आलीय. :)

बाकी तळटीप यांचा मूठभर वाक्यांचा मुद्दा पटला. तेवढं मी करेन. सक्ती नको, एवढंच.

प्रबंधग्रस्त

कुणी न बोललेली गोष्ट: एक्स्पोर्ट. वर्डमध्ये मसुदा नेला की संदर्भ नुसता मेलेला मजकूर होतात. गाइडने मधला एक पेपर काढायला सांगितला की पुढचे सगळे आकडे हाताने बदला. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर २००६ पासून आहे आणि वर्डमध्ये जिवंत संदर्भ ठेवतं, मग नव्या टूलला काय धाड भरली? आणि तपासणीच्या खुणा एक्स्पोर्टमध्ये टिपणी म्हणून याव्यात. गाइडला दाखवता येईल की हे वाक्य मी अमुक उताऱ्याशी ताडून पाहिलंय.

तळटीप

+१. कुठलं वाक्य यंत्राचं आणि कुठलं आपलं, याचीही नोंद त्यातच राहावी. 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं की भाषा-मॉडेलला लेखक म्हणून नाव देता येणार नाही आणि वापर केला असेल तर तो लिहून कळवावा. सहा महिन्यांनी ते लिहायला बसलेल्या माणसाला काय आठवणार? पण ही नोंद लेखकाच्या ताब्यात राहू द्या, संस्थेच्या नव्हे. नाहीतर लोक बाहेर लिहून आत चिकटवतील आणि नोंद खोटी पडेल.

रिकामी_चौकट

पुढच्या आवृत्तीचं ठरतंय ते असं. उतारा शेजारी आपोआप, पानाच्या तुकड्यासह आणि मजकुरासह. "मसुद्यात टाका" बटण राहणार, पण टाकलेलं वाक्य तुटक अधोरेखेसह येईल आणि ताडून पाहिल्यावरच रेघ जाईल. सक्ती नाही, पण रेघा मोजता येतात. करडी सुचवणी मुळातून बंद. क्रॉसरेफची जोडणी त्यानंतर. वर्डचा जिवंत संदर्भ मागते आहे, मिळेल की नाही सांगता येत नाही.

एकावर अडलेय. वाक्य ताडून झालं, रेघ गेली, आणि मग लेखकाने त्यातला एक शब्द बदलला. रेघ परत आणायची का? स्वल्पविरामासाठी आणली तर लोक चिडतील.

कर्सर

आकडा, नकार, नाव किंवा क्रियापद बदललं तर आणा, बाकी सोडून द्या. नियम लिहिता येईल.

तळटीप

नका. "काही रुग्णांमध्ये" यातला "काही" खोडला तर आकडा, नकार, नाव, क्रियापद यातलं काहीच बदलत नाही. अर्थ पूर्ण बदलतो. विरामचिन्हं आणि शुद्धलेखन सोडून कशालाही हात लागला की रेघ परत. उतारा शेजारीच आहे ना? मग एका कळीचं काम आहे.

आळशी_वाचक

एक कळ चालेल.

रिकामी_चौकट

ठीक, तसंच करते. विरामचिन्हं आणि शुद्धलेखन वगळून. चाचणी झाली की याच धाग्यावर लिहीन. @अर्धविराम, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, जमलं तर आधीच्या कच्च्या आवृत्तीवरही तुमची नजर, म्हणजे कान, हवेत.

अर्धविराम

व्यनि मिळाला. पाठवा. उतारा वाचून झाल्यावर फोकस (कळा ज्यावर चालतात ती जागा) परत त्याच वाक्यावर येतो की पानाच्या सुरुवातीला, ते आधी बघून ठेवा. नव्वद टक्के वेळा तिथेच माशी शिंकते.